‘विद्वान मित्र’ आणि साक्षीदार

न्यायालयाच्या भाषेत जी संबोधने रूढ आहेत, त्यांत ‘माझे विद्वान मित्र’ हे संबोधन आम्हांला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. ज्याचे म्हणणे खोडून काढण्यासाठी आपण उभे आहोत, त्यालाच आधी मित्र म्हणायचे, त्याच्या विद्वत्तेची ग्वाही द्यायची आणि मग त्याच्या युक्तिवादाची चिरफाड करायची, अशी ही रीत. वरवर पाहता हा निव्वळ दांभिकपणा आहे, असे कुणी म्हणेल. पण किंचित थांबून विचार केला, तर या दोन शब्दांत मोठे शहाणपण साठवलेले दिसते. माणूस आणि त्याचे म्हणणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि भांडण म्हणण्याशी आहे, हे बोलणाऱ्याला प्रत्येक वाक्यागणिक स्वतःलाच बजावावे लागते. मराठी समीक्षेच्या व्यवहारात वावरणाऱ्या आमच्यासारख्यांना या रीतीचा हेवा वाटावा, अशी परिस्थिती आहे. आमच्या चर्चासत्रांत प्रतिपक्षाला ‘विद्वान’ म्हटले जाते, ते बहुधा उपरोधानेच!

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. न्यायालयाशी आमचा संबंध यावा असे काही आमच्या व्यवसायात नाही. परंतु आमच्यापैकी एकाचे गाव तामलवाडी. शेतजमीन आली की बांध येतो, बांध आला की भाऊबंदकी येते आणि भाऊबंदकी आली की तारीख येते, हा मराठवाड्यातला सिद्ध क्रम आहे. त्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत एका दिवाणी न्यायालयाच्या बाकांवर आम्हांला पुष्कळ बसावे लागले. पुकारा होईपर्यंत दुसरे काम नसते. भाषेच्या माणसाने अशा वेळी काय करावे? तो भाषा ऐकतो. या लेखातील निरीक्षणे त्या ऐकण्यातून आलेली आहेत.

तामलवाडी हे सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे, तुळजापूर तालुक्यातले गाव. कोजागिरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांची रीघ याच रस्त्याने जाते. गावाचे भाषिक आणि कायदेशीर स्थानही असेच वाटेवरचे आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात, आणि काही मैलांवरचे सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. अलीकडच्या कोर्टाची भाषा उर्दू, पलीकडच्या कोर्टाची इंग्रजी आणि मराठी. आजही ही सीमा पुरती पुसलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सोलापूरकरांचे अपील कोल्हापुरास जाते, आणि तामलवाडीकरांचे अपील पूर्वीप्रमाणेच छत्रपती संभाजीनगरास. गावातली म्हातारी माणसे अजूनही ‘अदालत’ आणि ‘पेशी’ म्हणतात. वकील, अशील, दावा, फिर्याद, कैफियत, तारीख, नक्कल हे सारे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि मराठी होऊन राहिले.

त्यांच्याबरोबर अदबही आली. दाव्याच्या कागदावर अगदी वर लिहिलेले असते, ‘मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांचे न्यायालयात’. यातला ‘मे.’ म्हणजे ‘मेहेरबान’. हा शब्द पुरता लिहिलेला आम्ही क्वचितच पाहिला. न्यायनिर्णयात वकिलांचा उल्लेख येतो तो ‘वि. वकील’ असा, त्यातला ‘वि.’ म्हणजे ‘विद्वान’. एकेकाळची लांबरुंद अदब एकेका अक्षरात आक्रसली आहे आणि पुढे एक टिंब उरले आहे. शिष्टाचार टिकतो तेव्हा असाच टिकतो. त्याचा अर्थ विरून जातो, आकार मात्र राहतो. प्रश्न असा की, या टिंबामागे आता नेमके काय आहे?

याचे उत्तर निदान कागदावर तरी स्पष्ट आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली भारतीय विधिज्ञ परिषदेने वकिलांच्या वर्तनाचे आणि शिष्टाचाराचे नियम केले आहेत. वकिलाने न्यायालयात प्रतिष्ठेने आणि आत्मसन्मानाने वागावे. न्यायाधीशांबद्दल आदर बाळगावा, मात्र गंभीर तक्रार असेल तर ती योग्य ठिकाणी मांडणे हा त्याचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. समोरच्या पक्षकाराशी त्याच्या वकिलाला वगळून परस्पर बोलणी करू नयेत. दुसऱ्या वकिलाचे वकीलपत्र दाखल असेल तर त्याच्या संमतीवाचून त्या प्रकरणात उभे राहू नये. असे पुष्कळ काही त्यांत आहे. पण आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो न्यायालयाप्रति कर्तव्यांच्या विभागातला चौथा नियम. वकिलाने स्वतःला अशिलाचे केवळ मुखपात्र समजू नये, असे तो सांगतो. पत्रव्यवहारात संयत भाषा वापरावी, कैफियतीत शिवराळ हल्ले टाळावेत, युक्तिवाद करताना तोल सोडू नये, हे सारे वकिलाने स्वतःच्या विवेकाने ठरवायचे आहे. अशील रागावलेला असतो. त्याने रागावणे स्वाभाविक आहे. तो राग वकिलाच्या हाती पडतो आणि वकिलाने त्याचे रूपांतर युक्तिवादात करून तो न्यायालयापुढे ठेवायचा असतो. एका अर्थी हे अनुवादाचेच काम आहे, आणि अनुवादकाची जबाबदारी काय असते हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

या नियमाचा अर्थ पटवणारे उदाहरण नियम होण्याच्या कितीतरी आधीचे आहे. दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या १९२५ मधील पुस्तकाची भाषा कमालीची जहाल होती. टिळक आणि चिपळूणकर यांच्यावरील त्यातल्या हल्ल्यामुळे पुण्यात बदनामीचा खटला उभा राहिला आणि खालच्या न्यायालयात जवळकर, केशवराव जेधे आदींना शिक्षा झाली. १९२६ मध्ये अपिलात त्यांची बाजू मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि आरोपी सुटले. अशिलाची भाषा तापलेली होती. बॅरिस्टरांनी अपील लढवले ते कायद्याच्या मुद्द्यांवर. अशिलाच्या बाजूने ठाम उभे राहणे आणि त्याच्या तोंडची भाषा उचलणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली केल्यावाचून वकिली होत नाही, आणि दुसरी केली की वकिलीचे काही उरत नाही.

शिष्टाचाराचा प्रश्न निघाला की दुसरी शंका हमखास पुढे येते. सभ्यपणा म्हणजे शरणागती तर नव्हे? सत्तेपुढे मान तुकवण्याचे ते गोंडस नाव तर नव्हे? या शंकेचे उत्तर आम्हांला १९०८ च्या टिळकांच्या खटल्यात सापडते. न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे तो खटला चालला. हेच दावर १८९७ च्या राजद्रोहाच्या प्रकरणात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. १९०८ मध्ये टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला आणि त्यांचे भाषण अनेक दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक चालले. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवल्यावर टिळकांनी थोडक्यात सांगितले की, निर्णय काहीही असो, आपण निर्दोष आहोत आणि या न्यायालयाहून वरच्या शक्ती जगात आहेत. त्यांत ज्युरीला दूषण नव्हते की न्यायाधीशाला शिवी नव्हती. उलट, शिक्षा सुनावताना दावरांनी आरोपीची बुद्धी रोगट आणि विकृत असल्याचे शेरे मारले. त्या दालनात त्या रात्री असभ्य कोण झाले? सारी सत्ता ज्याच्या हाती होती, तो. आणि मुंबई उच्च न्यायालयात आज संगमरवरी फलकावर कोरलेली आहेत, ती टिळकांची वाक्ये. १९५६ मध्ये त्या फलकाचे अनावरण मुख्य न्यायाधीश छागला यांनी केले.

याच छागलांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवलेला एक प्रसंग आहे. पुढे दावरांना ‘सर’ ही पदवी मिळाली, तेव्हा त्यांना मेजवानी देण्याचा बेत वकीलमंडळींनी केला आणि त्याचे परिपत्रक फिरवले. टिळकांसाठी १९०८ मध्ये जामिनाचा अर्ज चालवणाऱ्या बॅरिस्टर जिनांनी त्या परिपत्रकावरच, अशा न्यायाधीशाला मेजवानी देण्याची वकीलवर्गाला लाज वाटली पाहिजे, अशा आशयाचा शेरा मारला. दावरांनी त्यांना दालनात बोलावून विचारले की, माझ्या न्यायालयात तुम्हांला वागणूक कशी मिळते? जिनांनी सांगितले, उत्तम. मग काही तक्रार? नाही. मग असा शेरा का? तर तो खरा आहे असे वाटले म्हणून. तुमची माझ्याशी वागणूक कितीही चांगली असली, तरी टिळकांचा खटला ज्या रीतीने चालवलात त्याबद्दलचे माझे मत मी दडपू शकत नाही.

हा प्रसंग आम्ही वर्गात अनेकदा सांगतो. व्यावसायिक सौजन्य कुठे संपते याची अचूक रेषा त्यात आखलेली आहे. आपल्याला मिळालेली चांगली वागणूक ही तिसऱ्या माणसावर झालेल्या अन्यायाबद्दल गप्प बसण्याची किंमत होऊ शकत नाही. सौजन्य दोघांमधले असते, आणि न्यायालयात मात्र नेहमीच एक तिसरा माणूस उभा असतो.

त्या तिसऱ्या माणसाकडे आता वळतो. आमच्या त्या दाव्यात वहिवाटीबद्दल साक्ष द्यायला शेजारचे एक वयोवृद्ध शेतकरी आले होते. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. इथेही तेवढेच म्हणू. दिवाणी दाव्यात हल्ली साक्षीदाराची सरतपासणी तोंडी होत नाही. २००२ पासून ती शपथपत्रावर दाखल होते. म्हणजे आबांचे म्हणणे आधीच वकिलांच्या टंकलेखकाने ‘मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की’ अशा मराठीत बसवलेले होते. त्या मराठीत आबांचा एकही शब्द नव्हता. साक्षीदार स्वतःच्या तोंडाने बोलतो तो फक्त उलटतपासणीत. आबा त्या दिवशी धुतलेला पटका बांधून आले होते आणि पिंजऱ्याच्या कठड्याला हात लावण्याआधी त्यांनी तो हात कपाळाला लावला होता.

समोरचे वकील तरुण होते. आमच्या वकिलांना ते ‘माझे विद्वान मित्र’ म्हणत, न्यायाधीशांना ‘युवर ऑनर’ म्हणत, आणि शिपायालासुद्धा ‘जरा ती फाईल द्या’ म्हणत. आबांकडे वळून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “किती शिकलास रे?” त्यानंतरचा जवळपास अर्धा तास तसाच गेला. “तुला वाचता येतं का? मग या कागदावर अंगठा का नाही, सही कशी? कुणी शिकवून पाठवलं? पैसे किती घेतलेस?” आबांनी प्रत्येक उत्तरात त्यांना ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ म्हटले. आमचे वकील आपल्या जागी बसून होते. पैशांच्या प्रश्नावर समोरच्यांनी त्यांच्याकडे पाहून किंचित स्मित केले, आणि त्यांनीही स्मित केले.

परतीच्या गाडीत आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “खरं-खोटं करायला त्येंनी इचारावंच लागतंय, त्येचं काय न्हाई. पर माझ्या नातवाएवढं पोरगं मला ‘रे’ म्हणलं, अन् आपला वकील हसला.”

काही दिवसांनी जबाबाची नक्कल मिळाली. संहितावाचन हा आमचा व्यवसाय; आम्ही ती तशीच वाचली. निशाणी क्रमांक, नाव, वय, धंदा शेती, राहणार तामलवाडी. पुढे ‘उलटतपास’ आणि त्याखाली, ‘मी चौथी पास आहे. मला वाचता येते. माझी व वादीची जुनी ओळख आहे. हे म्हणणे खरे नाही की, मी वादीकडून पैसे घेऊन खोटी साक्ष देत आहे.’ अर्ध्या तासाचे पाऊण पान झाले होते. जबाब कथनाच्या रूपात उतरवण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, त्यामुळे प्रश्न गळून पडतात आणि उत्तरे सलग होतात. ‘रे’ कुठेही नव्हता. ‘तू’ कुठेही नव्हता. ते स्मितही नव्हते. सगळी वाक्ये प्रथमपुरुषी एकवचनी, जणू आबा आपण होऊनच एका निवांत दुपारी कुणाला तरी सांगत बसले आहेत की, मी पैसे घेतलेले नाहीत. निवेदक आणि निवेदन यांच्यातील अंतराबद्दल आम्ही इतकी वर्षे शिकवत आलो, परंतु इतके भयंकर उदाहरण आमच्या हाती कधी लागले नव्हते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. साक्ष देताना साक्षीदाराची वर्तणूक कशी होती, तो अडखळला काय, घाबरला काय, याबद्दल न्यायाधीशाला शेरा नोंदवता येतो; दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे. प्रश्न विचारणाऱ्याची वर्तणूक कशी होती, हे नोंदवणारा रकाना मात्र कुठे नाही. विधिज्ञ परिषदेच्या नियमांतही न्यायालयाप्रति कर्तव्ये आहेत, अशिलाप्रति आहेत, प्रतिपक्षाप्रति आहेत, व्यवसायबंधूंप्रति आहेत. साक्षीदाराप्रति कर्तव्ये असा स्वतंत्र विभाग नाही. न्यायाधीशाला काय म्हणून संबोधावे, याचा ऊहापोह मात्र पुष्कळ झाला. २००६ मध्ये परिषदेने नियमच केला की, वरिष्ठ न्यायालयांत ‘युवर ऑनर’ अथवा ‘ऑनरेबल कोर्ट’ म्हणावे आणि खालच्या न्यायालयांत ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतला तत्सम शब्द वापरावा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, ‘माय लॉर्ड’ म्हणण्याची सक्ती नाही, संबोधन सन्मानपूर्वक असले म्हणजे झाले. वर बसलेल्याला काय म्हणायचे हे ठरले. पिंजऱ्यात उभ्या असलेल्याला काय म्हणायचे, हे कुणाला ठरवावेसे वाटले नाही.

कायदा याबाबतीत अगदीच मुका आहे, असे मात्र नाही. १८७२ च्या पुरावा अधिनियमातील १५२ वे कलम या दृष्टीने साहित्याच्या अभ्यासकांनी आवर्जून वाचावे असे आहे. साक्षीदाराचा अपमान करण्याच्या किंवा त्याला त्रास देण्याच्या हेतूने विचारलेला प्रश्न न्यायालयाने मनाई केला पाहिजे, असे ते सांगते. आणि पुढे असेही सांगते की, प्रश्न एरवी योग्य असला, पण त्याचे रूप विनाकारण दुखावणारे असले, तरी त्याला मनाई केली पाहिजे. आशय आणि अभिव्यक्ती यांतला भेद कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी इतक्या स्वच्छपणे ओळखला होता! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही १५५ व्या कलमात ही तरतूद कायम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे एखादा विशिष्ट प्रश्न आणि त्याचे उत्तर जसेच्या तसे लिहून घेण्याची विनंती वकील करू शकतो. म्हणजे ‘रे’ कागदावर आणण्याची वाट आहे. त्यासाठी कुणीतरी उठून उभे राहावे लागते, एवढेच.

आणि ते सहसा घडत नाही. का घडत नाही, याचा आम्ही एका वकील मित्राशी वाद घातला. त्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. ते म्हणाले, उलटतपासणी म्हणजे हळदीकुंकू नव्हे. शिकवून आणलेला साक्षीदार गोड बोलण्याने फुटत नाही. त्याला धक्का द्यावाच लागतो. शिवाय समोरचा वकील उद्याही भेटणार आहे, परवाही. आज मी आजारी पडलो तर तो तारीख द्यायला हरकत घेणार नाही, उद्या त्याच्या घरी कार्य असेल तर मी घेणार नाही. या देवघेवीवरच कोर्ट चालते. एका ‘रे’पायी मी ती मोडू काय?

पहिल्या मुद्द्याचे उत्तर आम्हांला सोलापूरच्या एका जुन्या वकिलांनी, नकळत, केव्हाच दिले होते. त्यांची उलटतपासणी आम्ही एकदा ऐकली होती. साक्षीदार कुणीही असो, ते त्याला ‘आपण’ म्हणत. “आपण म्हणता पाऊस होता. आपण छत्री घेतली होती? मग पलीकडच्या बांधावरचा माणूस आपल्याला ओळखू आला, तो चेहऱ्याने की चालण्याने?” आवाज चढत नसे. खोटे बोलणाऱ्याला रागाचा आधार मिळतो. आपला अपमान झाला या भावनेच्या आड त्याला लपता येते. या वकिलांनी तो आडोसाच ठेवला नव्हता. अर्ध्या घटकेत साक्षीदाराच्या कथनाचा सांगाडा उघडा पडला आणि तरी तो माणूस पिंजऱ्यातून उतरताना त्यांना नमस्कार करून गेला. धक्का हवा तर तो प्रश्नात असावा, सर्वनामात नव्हे.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे, कारण त्यात तथ्य आहे. वकिलांनी परस्परांना सांभाळून घेतले नाही, तर न्यायालयाचे कामकाज खरोखरच अशक्य होईल. परंतु सांभाळून घेणे आणि संगनमत यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. तारखेची सवलत ही दोघांच्या सोयीची बाब. साक्षीदाराची अप्रतिष्ठा ही तिसऱ्याची हानी. पहिली देणे हे सौजन्य, दुसरीकडे कानाडोळा करणे ही त्या सौजन्याची किंमत तिसऱ्याकडून वसूल करणे. जिना-दावर प्रसंग आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणाने.

आमच्या रंगभूमीने हा पडदा फार पूर्वी ओळखला होता. अत्र्यांच्या १९६२ मधील ‘तो मी नव्हेच’चा लखोबा लोखंडे हा न्यायालयातला सर्वांत अदबशीर माणूस आहे, आणि तीच त्याची ठकबाजी आहे. तेथे शिष्टाचार हा मुखवटा ठरतो. तेंडुलकरांच्या १९६७ मधील ‘शांतता! कोर्ट चालू आहे’त तो हत्यार होतो. वकिली न चालणारा सुखात्मे फिर्यादीची आणि बचावाची अशा दोन्ही बाजू मांडतो. न्यायाधीश काशीकर आपली खुर्ची सोडून स्वतःच साक्ष देतात. आणि हे सारे न्यायालयीन अदबीच्या चौकटीत, सभ्य शब्दांत चालते. लीला बेणारे बाईंना बोलण्यासाठी वेळ दिला जातो, पण त्यांचे ते दीर्घ स्वगत रंगमंचावरील कुणाच्याही कानी पडत नाही. आबांच्या जबाबाची नक्कल वाचताना आम्हांला त्या स्वगताची आठवण झाली ती उगाच नव्हे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ मधील चित्रपटात अदब ही निव्वळ दिनचर्या झालेली आहे. सरकारी वकील आणि बचावाचे वकील एकमेकांशी कधीच उर्मट होत नाहीत. पण बिनबाह्यांचे कपडे घालून आलेल्या स्त्रीचे प्रकरण न्यायाधीश ऐकूनच घेत नाहीत, आणि वृद्ध शाहिराचे आयुष्य तारखांमध्ये झिजत जाते. सगळे सभ्य आहेत आणि कुणीच कुणाकडे पाहत नाही.

अवमान वरच्या दिशेने झाला की साऱ्या देशाला दिसतो. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात एका वकिलाने सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. मूळ अमरावतीच्या गवईंनी विचलित न होता वकिलांना युक्तिवाद पुढे चालू ठेवण्यास सांगितले. त्या कृत्याचा सर्वत्र निषेध झाला आणि तो व्हायलाच हवा होता. खालच्या दिशेने जाणारा अवमान मात्र आवाज करत नाही. म्हणूनच ४ ऑगस्ट २०२३ रोजी नागपुरात न्यायमूर्ती रोहित देव यांनी भर न्यायालयात राजीनामा जाहीर करताना, आपण वेळोवेळी कठोर बोललो असू तर त्याबद्दल वकिलांची माफी मागितली, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. आसनावरून खाली पाहून क्षमा मागितल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत.

या साऱ्यात आमच्या विषयाचा, म्हणजे मराठीचा, एक खास पेच आहे. इंग्रजीत ‘यू’ एकच आहे. न्यायाधीश, वकील, साक्षीदार सगळे त्यात मावतात. मराठीत बोलणाऱ्याला तू, तुम्ही आणि आपण यांतून निवड करावीच लागते, आणि ती निवड करताक्षणी तो उघडा पडतो. ‘तू’ हा शब्द मुळात अपमानाचा नाही, हे तामलवाडीच्या माणसाला सांगावे लागत नाही. तो आईला ‘तू’ म्हणतो, आणि त्याच रस्त्याने पुढे जाऊन भवानीलाही ‘तू’च म्हणतो. ‘तू’ जेव्हा दोन्ही बाजूंनी म्हणता येतो, किंवा निदान प्रेमाने म्हणता येतो, तेव्हा तो जवळीक असतो. तो एकाच दिशेने म्हणता येतो आणि उलट म्हटला तर न्यायालयाचा अवमान होतो, तेव्हा ती सत्ता असते. महाराष्ट्रात १९९८ मध्ये दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी म्हणून अधिसूचित झाली, त्याचे आम्ही भाषेचे लोक स्वागतच करतो. पण न्यायालयात मराठी आणायची म्हणजे ‘प्लेंट’ऐवजी ‘वादपत्र’ म्हणायचे, एवढ्यावर आपण थांबलो आहोत. मराठीबरोबर तिची सर्वनामेही न्यायालयात आली आहेत, आणि त्यांचा न्याय अजून कुणी केलेला नाही.

साहित्य आणि न्याय यांच्यामध्ये ये-जा करणारी माणसे मराठवाड्याने पाहिलेली आहेत. नरेंद्र चपळगावकर हे मराठीचे एम. ए., आधी अध्यापक, मग बीडचे वकील, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि २०२३ च्या वर्धा साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २५ जानेवारी २०२५ रोजी ते गेले. शब्द तोलून वापरण्याची सवय एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात नेता येते, हे त्यांच्याकडे पाहून पटत असे. आमच्या वर्गांतून दरवर्षी काही विद्यार्थी बी. ए. करून विधी महाविद्यालयांकडे जातात. त्यांना आम्ही अलंकार शिकवतो, वृत्ते शिकवतो, प्रयोग आणि समास शिकवतो. सर्वनामांचा पाठ आम्ही व्याकरणाच्या तासाला एका दिवसात उरकतो, कारण परीक्षेत त्याला गुण कमी असतात.

यापुढे तो पाठ आम्ही सावकाश घेणार आहोत. ज्याला उद्या काळा कोट घालायचा आहे, त्याने ‘माझे विद्वान मित्र’ हे शब्द अवश्य पाठ करावेत. ती रीत चांगली आहे आणि ती राहावी. पण त्याचबरोबर त्याने एक वाक्य उभे राहून, शांतपणे, कुणाचाही राग न करता म्हणण्याचा सराव करावा, “माझ्या विद्वान मित्रांनी साक्षीदाराला ‘तुम्ही’ म्हणावे, आणि आधीचा प्रश्न जसाच्या तसा नोंदवून घ्यावा, अशी न्यायालयाला विनंती आहे.” यात कुणाचाही अनादर नाही. आबांना तेवढेच हवे होते.